लाल लागलं की थांबायचं

बोअरच्या गाडीवर आयुष्य काढलेला माणूस मोठ्यानं बोलतो. मीही बोलतो. घरात चहा मागितला तरी शेजाऱ्यांना कळतं. बायको म्हणते, "अहो, इथं कॉम्प्रेसर चालू नाही." ती गमतीनं म्हणते आणि मी हसतोही, पण आता मला हळू बोलता येत नाही हे खरंच आहे. दवाखान्यात कुणाला भेटायला गेलो की मी दारातूनच हात हलवतो आणि परत येतो.

आम्ही मूळचे कोल्हारचे, प्रवरेच्या काठचे. आमच्या लहानपणी पाणी ही विचार करायची गोष्ट नव्हती. नदीला नसलं तर पाटाला, पाटाला नसलं तर विहिरीला, कुठं ना कुठं असायचंच. अशा गावचा पोरगा शाळा सोडून पाणी शोधणाऱ्या गाडीवर कामाला लागला, याची गावानं यथेच्छ टिंगल केली. "घरचं पाणी खारट लागतं काय रे?" असं पारावरचे म्हातारे विचारायचे. मला खरं म्हणजे पाण्याशी देणंघेणं नव्हतं. मला ती गाडी आवडली होती. टॉवर वर करून उभी राहिली की पाहत राहावं अशी ती दिसायची.

गाडीवर ऑपरेटर होते ते नगरचे. मुसलमान, वयानं माझ्या वडलांच्या बरोबरीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मी आधी रॉड लावणारा गडी होतो. एक रॉड जमिनीत गेला की त्यावर दुसरा उभा करून आटे बसवायचे, हे माझं काम. हाताची कातडी निघायची. उस्ताद बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. बऱ्याच दिवसांनी एकदा त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि माझा हात धरून लिव्हरवर ठेवला. म्हणाले, "दाबू नको. नुसता ठेव. काय सांगतो ते ऐक."

लोकांना वाटतं, गाडी आली, बटण दाबलं की भोक पडतं. तसं असतं तर कुणीही पाडलं असतं. जमिनीत सगळ्यात खाली हॅमर असतो, त्याच्या तोंडाला पोलादी दाण्यांचं बिट. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली जाते, हॅमर त्या हवेवर दगडाला हाणत राहतो, आणि तीच हवा फुटलेल्या दगडाची भुकटी घेऊन वर येते. ऑपरेटर वर जमिनीवर उभा. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती भुकटी, ऐकू येतो तो हॅमर, आणि हाताला लागते ती लिव्हरची थरथर. एवढ्या तीन गोष्टींवर सगळा कारभार. जास्त दाबलं तर बिट अडकतं, आणि ते असं अडकतं की सगळे रॉड जमिनीला वाहून मोकळ्या हातानं घरी जायची वेळ येते. कमी दाबलं तर हॅमर जागच्या जागी नाचतो आणि दगड तसाच.

प्रत्येक दगडाचा आवाज वेगळा. मुरमात हॅमर दबका बोलतो. काळा पाषाण लागला की खणखणीत, दातात कळ जाईल असा. भेग आली की एखादा ठोका चुकतो, आणि तो चुकलेला ठोका ज्याला ऐकू येतो तो ऑपरेटर. उस्तादांचा डावा कान या धंद्यानं कधीच खाल्ला होता. उजवा कान गाडीकडे करून, चप्पल काढून ते उभे राहायचे. तळपायाला कळतं म्हणायचे. मला आधी ती नाटकं वाटली. पुढं माझीही चप्पल निघाली.

आणि लाल. आमच्या जिल्ह्यात, पूर्वेकडच्या कोरड्या भागात तर फार, काळ्या पाषाणाच्या खाली मध्येच एक लाल थर लागतो. गेरूसारखा, मऊ, चिकट. वरच्या दगडाच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्या थरावर अडून राहतं, ताटात आमटी राहावी तसं. थर फोडला तर दोनपैकी एक गोष्ट होते. खाली आणखी पाणी असलं तर शेतकऱ्याचं नशीब उघडलं. खाली कोरडी पोकळी असली तर वर जमलेलं पाणीसुद्धा त्या भोकातून खाली निघून जातं. ते परत वर आणता येत नाही. कुठली मोटार नाही, कुठली युक्ती नाही. म्हणून उस्तादांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य हेच होतं: पाणी लागल्यावर लाल लागलं की थांबायचं.

थांबणं हेच या धंद्यातलं अवघड काम आहे. कारण समोर शेतकरी उभा असतो, आणि शेतकऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं. "अजून एक रॉड घाला." कोपरगावच्या उसातला असो, राजूरच्या डोंगरातला असो, नाही तर पाथर्डीच्या माळावरचा असो, वाक्य तेच. थोडं पाणी दिसलं की माणसाला जास्त दिसायला लागतं. मी फार लोकांवर ओरडलो आहे. "रॉड काय मिठाई आहे का, अजून एक घाला म्हणायला?" असं तोंडावर म्हटलेलं आहे. लोक रागावायचे. काही जणांनी नंतर फोन करून बरं झालं थांबलात म्हणूनही सांगितलं. पण तेवढ्यापुरतं मी वाईटच असायचो, आणि ते मला चालायचं.

उस्तादांचा आणखी एक नियम होता. नात्यातल्या रानात आपण लिव्हर धरायचा नाही. गाडी आपली न्यावी, रॉड लावावेत, डिझेल भरावं, पण लिव्हर दुसऱ्याच्या हातात द्यावा. आमच्या भागातले बरेच जुने ऑपरेटर हे पाळतात. कुणी त्याला अपशकुनाचं नाव देतं, कुणी काही. उस्तादांनी खरं कारण मला राजूरला सांगितलं. गाडीचा हवेचा पाइप फुटला होता, नवा यायचा होता, आणि आम्ही बाजारातल्या हॉटेलात बसलो होतो.

"माझा थोरला भाऊ," ते म्हणाले, "जामखेडच्या अंगाला त्याचं रान. पानी लागलं हुतं. बरं हुतं. खाली लाल आलं. भाऊ समोर उभा. त्यानं मागितलं बी न्हाई. मीच म्हनलो, भावाला जरा जास्त देऊ."

"मग दिलं?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "खालच्या दगडाला दिलं," म्हणाले, आणि चहा प्यायले. नंतर त्या भावाबद्दल ते कधी बोलले नाहीत.

माझी धाकटी बहीण पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला एका गावात दिलेली आहे. माणसं चांगली. दाजी तर देवमाणूस. पण कोल्हारात वाढलेली ही पोरगी तिथं जाऊन डोक्यावर हंडा घ्यायला शिकली, हे मला कधी नीट पचलं नाही. मी जिल्हाभर लोकांच्या रानात पाणी काढत फिरायचो आणि ती फेब्रुवारी उलटला की टँकरची वाट बघायची. तिनं कधी तक्रार केली नाही. माहेराकडं मागणं तिला जड जायचं. मी गेलो की आधी मला तांब्याभर पाणी आणून द्यायची, आणि मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवायचो.

तिच्याकडे चार गायी होत्या. काळ्यापांढऱ्या, मोठ्या कासेच्या. त्या तिनं वासरापासून वाढवलेल्या. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जायचं आणि त्यावर घर चालायचं. दाजींच्या मनात पुढं लिंबाची बाग करायची होती, बांधाच्या कडेनं त्यांनी जागाही आखून ठेवली होती, पण बाग म्हणजे मनातली गोष्ट. गायी म्हणजे घर. आणि अशी गाय पाणी किती पिते हे ज्यानं पाजलं नाही त्याला कळणार नाही. टँकरचं पाणी माणसांना पुरेना. बहीण म्हणायची, "दादा, गाय दूध देती म्हंजे काय देती? पानीच देती की."

त्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज नेहमीचा. "दादा, तुमची गाडी आमच्याकडं कधी यील?" एखाद्या गिऱ्हाइकासारखं तिनं विचारलं, त्याचाच मला राग आला. मग दाजींनी फोन घेतला आणि खरी गोष्ट सांगितली. व्यापारी येऊन गायी बघून गेला होता. पुढच्या घोडेगावच्या बाजाराला न्यायच्या होत्या. गायी गेल्या की दाजी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणार आणि बहीण सासूला घेऊन गावात एकटी राहणार, असं घरात ठरत आलं होतं. मी हातातलं काम संपवून दुसऱ्याच दिवशी गाडी तिकडं वळवली.

तोवर गाडीचा ऑपरेटर मी झालो होतो. उस्ताद थकले होते, रॉड वाहणारी मागची गाडी तेवढी चालवायचे. पण त्या दिवशी रानात गाडी लागल्यावर ते न बोलता पुढं आले, चप्पल काढली आणि लिव्हरपाशी उभे राहिले. मी बाजूला झालो. सांगायची गरज नव्हती.

जागेवरून थोडी गंमत झाली. दाजींनी तळहातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला आणून जागा पाहून ठेवली होती. त्याचा नारळ नेमका गोठ्याच्या दारात उभा राहिला होता. उस्ताद म्हणाले, "तिथं बोअर घेतला तर गायी खिडकीतनं काढाव्या लागतील." सगळे हसले. मग उस्तादांनी उतार पाहिला, आजूबाजूच्या जुन्या विहिरी पाहिल्या, आणि बांधाजवळची जागा धरली. बहिणीनं तिथं सडा घातला, हळदकुंकू वाहिलं, दाजींनी नारळ फोडला. सासूबाई गोठ्याच्या भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या शेजारी गायी.

हॅमर सुरू झाला. माती गेली, मुरूम गेला, केसिंगचा पाइप बसवला, आणि काळा पाषाण सुरू झाला. पांढुरकी भुकटी उडू लागली. ती गोठ्यावर, गायींच्या पाठीवर, सासूबाईंच्या लुगड्यावर बसली. मी गड्यांबरोबर रॉड लावत होतो. हात त्यातच होते, पण कान लिव्हरवर होता. रॉडमागून रॉड जात होता आणि भुकटी कोरडीच. बहीण पदर नाकाला लावून उभी होती. पदराच्या वरचं तोंड सगळं पांढरं. ती भुकटीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला काय कळतंय ते माझ्या तोंडावर दिसेल असं तिला वाटत असावं. म्हणून मी तिच्याकडे पाठ केली.

मग एक ठोका चुकला. उस्तादांनी मान जराशी कलती केली. मलाही ऐकू आला होता. भुकटी दमट झाली, गोळे पडायला लागले, आणि थोड्या वेळानं राड उसळून वर आली. पाणी. दाजींनी हात जोडले. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. उस्तादांनी हातानं मातीचा छोटा बांध घालून पाणी अडवलं, वाहतं किती ते बघितलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. फार नव्हतं. घराला आणि गायींना नीट वापरलं तर पुरेल एवढं. बागेला नाही.

अजून थोडं खाली गेलो आणि राडीचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग विटेसारखा. उस्तादांनी लगेच हॅमर वर उचलला. ठोके थांबले. कॉम्प्रेसर नुसता घोंगावत राहिला.

आणि मी म्हणालो, "उस्ताद, अजून एक रॉड."

ते वाक्य माझ्या तोंडून आलं यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. उस्तादांनी ऐकलं नाही असं वाटून मी जवळ गेलो आणि त्यांच्या उजव्या कानात पुन्हा म्हणालो. त्यांनी पहिल्याच वेळी ऐकलं होतं.

"कोन बोलतंय हे?" त्यांनी विचारलं. "ऑपरेटर बोलतोय का भाऊ?"

"खाली पाणी असेल उस्ताद."

"असंल. नसंल बी."

मी काय करतोय ते मला कळत होतं. तरी मी आणखी पुढं झालो आणि लिव्हरवरच्या त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. त्यांचा हात तेलकट आणि गरम होता. त्यांनी तो काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आलोच आहे तर हिला भरपूर देऊन जाऊ. पुन्हा तिला कुणाची वाट बघायला लागू नये. बाग होऊ दे. दारात पाटाचं पाणी असावं तसं पाणी असू दे.

गाडीच्या आवाजात बहिणीला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण आमचे हात तिला दिसले. ती राडीतून चालत आली. उस्तादांनी कॉम्प्रेसर मंद केला आणि तिला सरळ सांगितलं. "बेटी, पानी हाय. खाली लाल लागलंय. तुझा भाऊ म्हनतो फोडू. फोडलं तर लई मिळंल, न्हाईतर हाय ते बी जाईल."

तिनं मला काहीच विचारलं नाही. "चाचा, आत्ता हाय तेवढं गायीस्नी पुरंल?"

"गायींना पुरंल. बागंला न्हाई."

तिनं दाजींकडे पाहिलं. दाजी आखलेल्या जागेकडे बघत होते. तिकडे पाठ करून म्हणाले, "गायी आधी."

मग ती माझ्याकडे वळली. "दादा," ती म्हणाली, "हात काढ."

मी हात काढला. मागच्या गाडीच्या आडोशाला जाऊन बसलो आणि रडलो. उस्ताद रॉड वर ओढायला लागले. ते सगळं होईपर्यंत मी तिथंच होतो, आणि मला बोलवायला कुणी आलं नाही.

मोटार बसली. ती थोडा वेळ चालायची, पाणी ओसरायचं, मग बोअरला विसावा द्यायचा, पुन्हा चालू. बहिणीनं त्याची अशी काही घडी बसवली की एक थेंब वाया जात नसे. व्यापाऱ्याला तिनं चहा पाजून परत पाठवलं. त्यानंतर ती मला फोन करायची ते गायींचं सांगायला. अमकी व्याली, तमकीला कालवड झाली. गायींच्या गोष्टीत मला फार रस आहे असं तिला वाटायचं आणि मीही तसं वाटू द्यायचो. मला खरं तर तिचा आवाज ऐकायचा असायचा. दोन उन्हाळे त्या पाण्यावर गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात गायी घोडेगावला गेल्या. कशा गेल्या ते सांगायचं म्हणजे दाजींच्या चुलतभावाबद्दल सांगायला हवं.

त्याचं रान बांधाला लागून. माणूस कष्टाळू. बहिणीच्या मोटारीच्या पाइपाचा चर खणायला तो आपणहून आला होता. बहिणीच्या गोठ्यात पाणी पडताना तो रोज बघत होता, आणि त्याच्या घरी दोन पोरी हंडे घेऊन टँकरमागं धावत होत्या. एक दिवस तो कोल्हारला माझ्या घरी आला. म्हणाला, "पाव्हनं, आमच्याबी रानात गाडी आना."

मी म्हणालो, येतो. पण पाणी लागलं आणि लाल आलं की थांबणार. तुमचा आणि आमच्या बहिणीचा खालचा दगड एकच आहे. तिथं फोडलं तर तिचंही जाईल.

तो म्हणाला, "रान माझं हाय. किती खाली जायचं ते मीच ठरविनार ना?"

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली एवढं आठवतं. तो चहा न घेता गेला. मी बहिणीला फोन करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, त्यालाबी पानी पाहिजेच की."

त्या माणसाला मी मनातून पुष्कळ शिव्या दिल्या. पण दर वेळी शिवी अर्धीच राहते. त्याला जे पाहिजे होतं ते मलाही पाहिजे होतं, त्याच बांधाच्या अलीकडे उभं राहून. मला अडवायला उस्ताद होते आणि बहीण होती. त्याच्या बाजूला कुणी नव्हतं, आणि जो त्याच्याकडे जायला हवा होता तो मी माझ्याच घरात ओरडत बसलो होतो. त्यानं लांबची गाडी बोलावली. त्या ऑपरेटरला बांधापलीकडे काय आहे हे कुणी सांगितलं असेल का, मला माहीत नाही. त्याचाही बोअर शेवटी कोरडाच गेला. वरचं मिळालं होतं ते त्यालाही राहिलं नाही.

त्याच्या रानात गाडी लागली त्या दिवशी मी कोपरगावजवळ होतो. आमच्या गाडीचं बिट बदलत होतो, गाडी बंद होती. उन्हं डोक्यावर. बहिणीचा फोन आला. तिच्या आवाजामागं कॉम्प्रेसर घोंगावत होता, म्हणून ती बोलायच्या आधीच मला कळलं.

"दादा, गाडी आलीय. सकाळपास्नं चालू हाय."

"पाणी लागलं?"

"लागलं. आमच्यावानीच."

"मग थांबले का?"

"न्हाई. रॉड लावत्यात."

"राड कशी आहे? रंग कसा?"

"लाल हाय."

ती म्हणाली, "मी बांधावरच उभी हाय. तू ऐक बरं." आणि तिनं फोन गाडीच्या दिशेनं धरला.

मी गड्यांना हातानं गप्प केलं आणि फोन कानाला दाबून उभा राहिलो. फोनमधून येणारा आवाज म्हणजे अगदी बारीक. पण हॅमर कुठंही ओळखू येतो. ठोके दबके होते, मऊ. बिट अजून लाल थरात होतं. मी देवाला म्हणालो, अडकू दे. आयुष्यात कधी कुणाच्या गाडीचं वाईट चिंतलं नव्हतं, पण तेव्हा मनापासून म्हणालो, त्याचं बिट अडकू दे, रॉड तुटू दे, गाडी तिथंच बसू दे. ठोके दबकेच चालले होते. मी ऐकत राहिलो. माझ्या पायाखाली कोपरगावची ओली काळी माती होती, आणि तिकडं पाथर्डीच्या माळावर कुणीतरी दाबत होतं.

मग आवाज बदलला. खणखणीत झाला. हॅमर खालच्या पाषाणावर गेला होता.

"दादा?" तिनं फोन परत कानाला लावला होता. "काय म्हनतोय?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण तिला खोटं सांगून काय मिळणार होतं?

"फुटला गं थर," मी म्हणालो.

लगेच बोलली. "आमचं किती येळ टिकंल?"

"सांगता येत नाही. आज असेल. उद्याचं माहीत नाही."

"आत्ता लाईट हाय," ती म्हणाली. "मोटार लावते. हौद भरून घेते, पिपं भरते. गायीस्नी आत्ताच पाजते पोटभर. तू फोन ठिवू नको, धर जरा."

तिच्या चालण्याचा आवाज आला. गोठ्याचं दार वाजलं. एक गाय हंबरली. मग मोटारीचं बटण, आणि मोटार चालू झाली. मोटार पाण्यात चालतेय की कोरडी, हे मला कुठूनही कळतं. ती पाण्यात चालत होती. हौदात धार पडली तशी बहीण गायींना हाका मारायला लागली, एकेकीला नाव घेऊन, घाईघाईनं, आणि मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो.